कॅप टिकते कशावर?

दातावरची कॅप सिमेंटने चिकटवतात, असं आपण सहज म्हणतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात असलेलं झिंक फॉस्फेट सिमेंट दाताला मुळी चिकटतच नाही. ते दात आणि कॅप यांच्यामधल्या फटीत भरतं, दोन्हीकडच्या बारीक खाचाखळग्यांत शिरतं आणि तिथे दगडासारखं घट्ट होतं. एवढ्यावर कॅप वर्षानुवर्षं टिकते, कारण खरी पकड आकाराची असते. कॅपसाठी दात कोरून लहान करताना डेंटिस्ट त्याच्या भिंती जवळजवळ समांतर, वर किंचित निमुळत्या ठेवतात. घट्ट झाकणाचा डबा आठवा. भिंती जास्त उतरत्या झाल्या की पकड झपाट्याने सुटते, हे डेन्मार्कच्या योर्गनसेन यांनी 1955 साली मोजून दाखवलं.

सिमेंटचा थरही जितका पातळ तितका चांगला. बसवल्यावर तो 25 मायक्रॉनपेक्षा जाड नसावा, अशी झिंक फॉस्फेटसारख्या पाण्यावर आधारित सिमेंटसाठी आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा आहे. म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीपेक्षाही कमी! झिंक फॉस्फेटची पावडर आम्लात कालवली की उष्णता निघते आणि उष्णतेने ते आणखी लवकर घट्ट होतं. म्हणून ते थंड काचेवर, थोडी थोडी पावडर घेत, पसरून कालवायचं. घाई केली तर मिश्रण दाट होतं, कॅप पूर्ण खाली बसत नाही आणि चावताना ‘उंच’ लागते.

खरोखर चिकटणारं सिमेंट यायला बराच काळ गेला. 1968 मध्ये डेनिस स्मिथ यांनी झिंक पॉलिकार्बोक्झिलेट आणलं. मग लंडनमध्ये ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी काचेच्या भुकटीपासून ग्लास आयनोमर बनवलं. या दोन्हींतले आम्लगट दातातल्या कॅल्शियमला रासायनिक बंधाने धरतात. ग्लास आयनोमरमधून हळूहळू फ्लोराइडही पाझरतं, पण त्याच्या भरवशावर ब्रश करणं सोडू नये.

रेझिन सिमेंटची, म्हणजे प्लास्टिकसारख्या घट्ट होणाऱ्या सिमेंटची, वाट वेगळी. तिचं मूळही 1955 सालातलंच, हा योगायोग मला फार आवडतो. त्या वर्षी मायकेल ब्युनोकोर यांनी एनॅमलला, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थराला, फॉस्फोरिक आम्ल लावून ते खरबरीत केलं, तर त्यावर प्लास्टिक घट्ट धरतं, हे दाखवलं. आज काचयुक्त सिरॅमिकची कॅप आतून हायड्रोफ्लोरिक आम्लाने अशीच खरबरीत करून तिला सिलेन, म्हणजे काच आणि रेझिन यांना जोडणारं रसायन, लावतात. झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकमध्ये मात्र काचच नाही, त्यामुळे हे आम्ल तिथे निष्प्रभ ठरतं. झिर्कोनियाच्या कॅपवर ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करून फॉस्फेटगट असलेलं रसायन लावावं लागतं.

तात्पुरत्या कॅपच्या सिमेंटमध्ये अनेकदा युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक, असतो. पुढे रेझिन वापरायचं असेल तर तो अडचण करतो, कारण तो रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही.

निघालेली कॅप घरी सुपरग्लूने बसवण्याचा मोह टाळावा. ओलाव्यात तो क्षणात घट्ट होतो आणि कॅप तिरकी राहिली तर तशीच अडकते. शिवाय पुरावा पुसला जातो: जुनं सिमेंट कॅपच्या आत राहिलंय की दातावर, यावरूनच डेंटिस्टना पकड कुठल्या बाजूने सुटली याचा अंदाज येतो.