डॉक्टर मोबाइलमध्ये काय बघतात?

समजा, 52 वर्षांच्या एक काकू दवाखान्यात आल्या आहेत. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची मायट्रल झडप बदलली आणि धातूची बसवली. तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी रोज चालू आहे. दोन दिवसांपासून पोट बिघडलंय, आव पडतेय. डॉक्टर चिठ्ठीवर मेट्रोनिडाझोल लिहायला घेतात, मध्येच थांबतात आणि मोबाइल उघडतात. काकू घरी जाऊन सांगणार, "अहो, फोनात बघून औषध दिलं त्यांनी!" हे ऐकलं की मला वाईट वाटतं. त्या अर्ध्या मिनिटात काकूंचा जीवही वाचलेला असू शकतो.

डॉक्टरांनी औषधांच्या संदर्भकोशात दोन नावं टाकली: अ‍ॅसिनोकुमरॉल आणि मेट्रोनिडाझोल. उत्तर आलं, गंभीर परिणामाची शक्यता. अ‍ॅसिनोकुमरॉल ही काकूंची रक्त पातळ करणारी गोळी. तिला यकृतातलं सीवायपी-2सी9 नावाचं एन्झाइम मोडून काढतं. मेट्रोनिडाझोल त्या एन्झाइमलाच अडवतं. मग काकूंनी गोळी नेहमीइतकीच घेतली तरी रक्तात ती साचत जाते. अशा झडपेसाठी रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा निर्देशांक, म्हणजे आयएनआर, साधारण 2.5 ते 3.5 ठेवतात. तो बराच वर गेला तर हिरड्यांतून, लघवीतून, प्रसंगी मेंदूतही रक्त येऊ शकतं.

पण आव असेल तर औषध द्यायला तर हवं. चांगला संदर्भकोश इथे पुढची वाट दाखवतो: रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस कमी करायचा विचार करा, काही दिवसांत आयएनआर तपासा, आणि मेट्रोनिडाझोलचा कोर्स संपल्यावर पुन्हा तपासा. ही शेवटची सूचना सहज निसटते. कोर्स संपला की एन्झाइम मोकळं होतं, कमी केलेला डोस अपुरा पडतो, आणि आता भीती उलटी असते, झडपेवर गुठळी होण्याची.

यात एक मेख आहे. अ‍ॅसिनोकुमरॉल आपल्याकडे सर्रास दिलं जातं, पण अमेरिकेत ते विकलंच जात नाही. तिथल्या औषध प्रशासनाने मंजूर केलेलं माहितीपत्रक शोधायला गेलं तर फक्त वॉर्फरिनचं मिळतं. दोन्ही औषधं एकाच घराण्यातली, पण वॉर्फरिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण 40 तास लागतात आणि अ‍ॅसिनोकुमरॉलचं 8 ते 11 तासांत होतं. एकाची माहिती दुसऱ्याला जशीच्या तशी लावता येत नाही. नावांचाही घोळ आहेच. आपलं पॅरासिटामॉल तिकडे अ‍ॅसिटामिनोफेन होतं, दम्याचं साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल.

संदर्भ बघायचं दुसरं मोठं कारण म्हणजे मूत्रपिंड. 30 वर्षांचा, 70 किलोचा तरुण आणि 80 वर्षांच्या, 45 किलोच्या आजी, दोघांचाही क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडं रक्तातून बाहेर टाकतात त्या टाकाऊ पदार्थाचा) रिपोर्ट 1.0 आला. लॅबच्या कागदावर दोघेही नॉर्मल. मूत्रपिंडं मिनिटाला किती रक्त साफ करतात, याचा अंदाज देणाऱ्या, 1976 साली मांडलेल्या कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात या रिपोर्टसोबत वय, वजन आणि लिंग घातलं की तरुणाचं उत्तर येतं मिनिटाला सुमारे 107 मिलिलिटर, आजींचं जेमतेम 32. पायांना मुंग्या येतात म्हणून आजींना प्रीगॅबालिन द्यायचं असेल, तर नेहमीचा डोस निम्म्यावर आणावा लागतो. तो पूर्ण दिला तर आजी दिवसभर गुंगीत राहतील, रात्री बाथरूमला जाताना पडतील, आणि घरचे म्हणतील, वय झालं आता. हा हिशोब मोबाइलवर काही सेकंदांत होतो. गर्दीच्या ओपीडीत तोंडी करत बसणं मला तरी धोक्याचं वाटतं.

अर्थात, कोश म्हणेल ते सगळंच मानायचं नसतं. एकाच जोडीला एक कोश 'गंभीर' म्हणतो, दुसरा 'मध्यम'. इशारे इतके येतात की निम्म्याहून जास्त इशारे डॉक्टर बाजूला सारतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यातला खरा कुठला, हे समोरच्या माणसाकडे बघूनच ठरतं.

आणि कोश काही सांगणार तो नाव टाकलं तरच. आपल्याकडे तिथेच घोडं अडतं. एकाच औषधाला डझनावारी कंपन्यांची नावं, एकेका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं. त्यातून मेडिकलवाल्याने कात्रीने चार गोळ्या कापून दिलेल्या असतात. काकू पर्समधून आणखी एका गोळीचा चंदेरी तुकडा काढून टेबलावर ठेवतात. त्यावर 'रॉल 2 मिग्रॅ' एवढंच उरलेलं. नावाचा सुरुवातीचा भाग दुकानातल्या पट्टीवर राहिलाय. डॉक्टर मोबाइल बाजूला ठेवतात आणि म्हणतात, "काकू, घरी फोन लावा बरं, जुनं पाकीट बघायला सांगा."