‘न्यूज’ला फुल फॉर्म नाही

नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ या चार दिशांची आद्याक्षरे जोडून ‘न्यूज’ शब्द झाला, असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतही तो आढळतो. अक्षरे अचूक जुळतात, बातम्याही चहूकडून येतात, त्यामुळे तो पटणे स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात हा शब्द ‘न्यू’ म्हणजे नवीन, याचेच अनेकवचन आहे: नव्या गोष्टी. फ्रेंचमध्ये बातम्यांना ‘नुव्हेल’ म्हणतात, तोही ‘नवीन’वरूनच आलेला. इंग्रजीत हा अर्थ मध्ययुगापासून आहे. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘दीज न्यूज’ असे चक्क अनेकवचन सापडते. आज मात्र आपण ‘न्यूज इज’ म्हणतो.

पडताळायचे असेल तर जुने स्पेलिंग पाहा. 1622 मध्ये लंडनला छापलेल्या बातमीपत्रांवर हा शब्द एन-ई-डब्ल्यू-ई-एस असा, पाच अक्षरी दिसतो. चार दिशांचा हिशेब तिथेच कोलमडतो. शिवाय इंग्रजीत दिशा सहसा नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट याच क्रमाने सांगतात.

आद्याक्षरांपासून शब्द घडवण्याची पद्धतही बहुतांशी विसाव्या शतकातली. ‘रडार’ खरोखर तसा बनला, 1940 च्या सुमारास. म्हणून एखाद्या जुन्या, साध्या शब्दाचा फुल फॉर्म कुणी पाठवला, तर आधी चांगल्या इंग्रजी शब्दकोशात त्याची व्युत्पत्ती बघावी. मुलांना तो पाठ करायला लावण्यापूर्वी तर नक्कीच.