कागदावरच्या विमानाचा खर्च

विमान अजून चार रेघांत असते तेव्हाच त्याची किंमत विचारली जाते. सुटे भाग ठरलेले नसतात, पुरवठादारही नसतात. हाताशी असतात रिकामे वजन, कमाल वेग आणि किती विमाने बांधायची एवढेच आकडे. त्यांवरून खर्च काढायची रूढ पद्धत अमेरिकेत घडली. उत्पादन दुप्पट झाले की दर विमानामागचे श्रम सुमारे 20 टक्क्यांनी उतरतात, हे तिथल्या एका अभियंत्याने 1936 मध्ये मांडले. पुढे महायुद्धातल्या कारखान्यांना त्याचा भरपूर अनुभव आला.

या विषयाला वळण लागले ते मात्र 1965 मध्ये. सी-5ए या अवाढव्य मालवाहू विमानासाठी अमेरिकी संरक्षण खात्याने विकास आणि उत्पादन एकाच कंत्राटात बांधले. विमान कागदावर असतानाच 115 विमानांचा भाव ठरला. खर्च फुगला की भुर्दंड सरकारवर येतो, तो कंपनीवर जावा हा त्यामागचा हेतू. हेतूत खोट नव्हती. पण तांत्रिक मूल्यमापन करणाऱ्या मंडळाची पसंती दुसऱ्याच आराखड्याला होती. वरच्या पातळीवर ती डावलून सर्वांत कमी बोलीवर शिक्कामोर्तब झाले. करारात एक मेखही होती: पहिल्या तुकडीत खर्च वाढला तर दुसऱ्या तुकडीचा भाव सूत्राने वाढवून मिळणार. म्हणजे कंपनीला शिस्त लावायला निघालेल्या करारातच पळवाट होती.

पुढे वजनाने घात केला. रिकाम्या वजनाची हमी करारात होती, म्हणून विमान जड होऊ लागल्यावर पंखातला धातू खरवडून काढला गेला. वजनावरून खर्च काढणाऱ्या सूत्राच्या हिशेबाने हलके विमान स्वस्त पडायला हवे. प्रत्यक्षात हलके करण्याचाच खर्च भारी असतो, आणि सूत्राला तो दिसत नाही. 1969 च्या चाचणीत कमाल अपेक्षित भाराच्या दीडपट भार सोसायला हवा असताना पंख 128 टक्क्यांवर मोडला. त्याआधी, 1968 मध्ये, हवाई दलाच्याच एका नागरी अधिकाऱ्याने खर्च सुमारे दोन अब्ज डॉलरने वाढणार असल्याची कबुली संसदीय समितीपुढे दिली होती. बांधली गेली 81 विमाने, आणि 1980 च्या दशकात त्यांना नवे पंख बसवावे लागले. खापर अंदाज काढणाऱ्यांवर फुटले. माझ्या मते ते अन्यायाचे होते, कारण अंदाजाला वचन बनवणारे लोक निराळेच होते.

कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेने 1967 पासून सुधारत नेलेली सूत्रे या धड्यांच्या सोबतीनेच वाढली. 1987 ची आवृत्ती आजही वर्गात शिकवतात. ती बहुतेक कामांसाठी मनुष्यतास देते, मजुरीचा दर आपण लावायचा. त्यामुळे महागाईने सूत्र शिळे होत नाही. वजन दुप्पट केले तर अभियांत्रिकीचे तास साधारण 1.7 पट होतात. पण वजन कोणते? जुन्या सूत्रांत इंजिने, चाके, बॅटरी, उपकरणे वगळलेला नुसता सांगाडा धरत. काही ठिकाणी रिकामे वजन धरतात. दोन कोष्टके शेजारी ठेवून तुलना करणारे इथेच फसतात. कार्बन तंतूंच्या भागांसाठी नंतर वेगळे गुणक आले. सॉफ्टवेअरचे काय करायचे यावर किलोच्या भाषेत उत्तर मिळत नाही.

आपल्याकडचा वाद याच जातीचा आहे. हलक्या लढाऊ विमानासाठी 1983 मध्ये 560 कोटी रुपये मंजूर झाले. मंजुरी अंतरिम होती, आराखड्याची रूपरेषाही पक्की झालेली नव्हती. 1993 मध्ये पूर्ण विकासाच्या पहिल्या टप्प्याला 2,188 कोटी मिळाले, त्यात आधीचे 560 धरलेले होते. तरी खर्च किती पट वाढला हे मोजताना 560 हाच मूळ भाव धरला जातो आणि 'अंतरिम' हा शब्द गळून पडतो.