पेटी फोडून बघायची नसते

'पेटी उघडण्याआधी एक वार करा. मिमिक असेल तर कळेल, नसेल तर काही बिघडत नाही.' डार्क सोल्स या व्हिडिओ गेम मालिकेच्या नव्या खेळाडूला हा सल्ला हमखास मिळतो; मिमिक म्हणजे खजिन्याच्या पेटीचं सोंग घेतलेला राक्षस. २०११च्या पहिल्या गेममध्ये तो चालतो, कारण तिथे साध्या पेटीला वाराने काही होत नाही. पण २०१४च्या डार्क सोल्स २मध्ये लाकडी पेटी वार बसले की फुटते आणि आतल्या वस्तूच्या जागी 'रबिश', म्हणजे निव्वळ कचरा, हाती येतो. सेव्ह आपोआप होत असल्याने मागे फिरायची सोयही नाही. हा सल्ला ऐकून कुणाची चांगली वस्तू गेली की मला खरंच वाईट वाटतं.

पहिल्या गेममध्येही तलवार उपसायची गरज नाही. सेन्स फोर्ट्रेस या किल्ल्यात पेटी दिसली की थांबा आणि बाजूला लोंबणारी साखळी नीट पाहा. साध्या पेटीची साखळी मागे वळलेली असते, मिमिकची पुढे, तुमच्याकडे. ओळख पटली की लांबून लॉइड्स टॅलिसमन ही गेममधली वस्तू त्याच्यावर फेका. मिमिक झोपी जातो आणि न लढता खजिना मिळतो. वार केला असता तर तो जागा होऊन अंगावर आला असता.

याच निर्मात्यांच्या एल्डन रिंग या गेममध्ये तर पेटीच्या रूपातला मिमिकच नाही. तिथे ड्रॅगन-बर्न्ट रुइन्स या पडक्या अवशेषांच्या तळघरातली पेटी उघडली की धूर पसरतो आणि तुम्ही थेट केलिड या प्रदेशातल्या खाणीत पोचता.