काही सेकंदांत एक टीबी फॉरमॅट कशी होते?

"एवढ्यात झालं? मग नीट झालेलं नाही, पुन्हा कर." लिनक्सवर १ टीबीची नवी हार्डडिस्क तयार करत होतो, तेव्हा शेजारी बसलेला मित्र म्हणाला. शंका रास्त होती. सेकंदाला १५० एमबी लिहिणाऱ्या डिस्कला १ टीबी भरायला जवळजवळ दोन तास लागतात. मग काही सेकंदांत झालं तरी काय?

टर्मिनलमध्ये आधी ‘एलएसबीएलके’ चालवून कोणती डिस्क कोणत्या नावाची आहे ते बघायचं. ही पायरी कधीच गाळू नका. ‘एसडीए’ आणि ‘एसडीबी’ यांत एकाच अक्षराचा फरक आहे. मग ‘एफडिस्क’ने पार्टिशन पाडायचं, म्हणजे जमिनीला कुंपण घालायचं. शेवटी ‘एमकेएफएस.ईएक्सटी४’ ही कमांड, पुढे पार्टिशनचं नाव. ही कमांड कुंपणाच्या आतल्या जमिनीचं दप्तर मांडते. त्यासाठी जमीन नांगरावी लागत नाही.

हे दप्तर कसं मांडलंय ते बघण्यासारखं आहे. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली ठेवण्याची पद्धत. ती सगळी जागा ४,०९६ बाइटच्या ब्लॉकमध्ये मोजते. कुठला ब्लॉक रिकामा, कुठला भरलेला हे प्रत्येकी एका बिटमध्ये नोंदवलं जातं: ० किंवा १. या बिटांची पाटी नेमकी एका ब्लॉकची असते. ४,०९६ बाइट म्हणजे ३२,७६८ बिट. म्हणून एक पाटी ३२,७६८ ब्लॉकचा हिशोब ठेवते, आणि तेवढे ब्लॉक म्हणजे १२८ एमबी. हा झाला एक गट. १ टीबीत असे सुमारे साडेसात हजार गट पडतात. गटाचा आकार कुणी मनानं ठरवलेला नाही, तो पाटीच्या आकारातून आपोआप येतो. मला हे फार सुंदर वाटतं.

सगळ्या दप्तराचं मुखपृष्ठ म्हणजे सुपरब्लॉक. एकूण ब्लॉक किती, गट केवढा, हे त्यात असतं. तो बिघडला तर डिस्क ओळखताच येणार नाही, म्हणून त्याच्या प्रती ठेवतात. प्रत्येक गटात ठेवल्या तर जागा वाया जाईल. म्हणून गट क्रमांक १ आणि ३, ५, ७ यांचे घात एवढेच निवडले: ३, ५, ७, ९, २५, २७, ४९, ८१... साडेसात हजार गटांत मूळ सोडून फक्त १८ प्रती. त्या सुरुवातीला दाट, पुढे विरळ होत जातात. पहिली प्रत ३२,७६८ व्या ब्लॉकवर असते. मूळ सुपरब्लॉक गेला, तर ‘ई२एफएससीके’ या दुरुस्तीच्या कमांडला ‘-बी’ (लहान b) लावून हाच आकडा द्यायचा.

तिसरी गोष्ट आयनोडची. फाइलचा मालक, आकार, तारखा आणि ती कुठल्या ब्लॉकमध्ये आहे, हे २५६ बाइटच्या आयनोडमध्ये लिहिलेलं असतं. नाव मात्र तिथं नसतं, ते फोल्डरमध्ये असतं. नेहमीच्या मांडणीत दर १६ केबी जागेमागे एक आयनोड राखतात, म्हणजे डिस्कचा चौसष्टावा भाग, १ टीबीत साडेपंधरा जीबी. एवढी कोरी पानं फॉरमॅट करताना लिहिलीही जात नाहीत. डिस्क माउंट झाल्यावर, म्हणजे वापरासाठी जोडल्यावर, कर्नल (लिनक्सचा गाभा) ती मागच्या मागे सावकाश कोरी करतो. नव्या डिस्कचा दिवा उगीच लुकलुकताना दिसतो, तो बहुधा यामुळेच.

म्हणजेच हार्डडिस्कवरचा जुना मजकूर जवळजवळ सगळा जागेवरच राहतो. फॉरमॅट करून डिस्क भंगारात विकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. एसएसडीवर मात्र ही कमांड आधी ‘ही जागा आता नको’ असं ड्राइव्हला कळवते, त्यामुळे तिथला मजकूर परत मिळण्याची आशा धरू नये. याउलट ‘३५ वेळा पुसा’ म्हणणारी सॉफ्टवेअर आजही विकली जातात. हा आकडा संगणकतज्ज्ञ पीटर गटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातला, तेव्हाच्या डिस्कसाठीचा. लोक त्याचा वापर भुतं पळवण्याच्या मंत्रासारखा करतात, अशी तक्रार पुढे खुद्द गटमन यांनीच केली. आजच्या हार्डडिस्कवर एकदा पूर्ण शून्यं लिहिली तरी पुरतं.

फॉरमॅट करताना एक निर्णय मात्र विचारपूर्वक घ्या. आयनोडची संख्या तेव्हाच ठरते. पार्टिशन तेवढंच राहिलं तर ती नंतर वाढत नाही. लाखो बारीक फाइली ठेवायच्या असतील, तर ‘-आय ४०९६’ (लहान i) लावून दर ४ केबीमागे एक आयनोड मागा. नाहीतर आयनोड संपतील, मोकळी जागा सांगणारी ‘डीएफ’ कमांड निम्मी डिस्क मोकळी दाखवेल आणि तरीही ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येईल. अशा वेळी ‘डीएफ -आय’ (लहान i) चालवून किती आयनोड उरले ते बघा.