किरणोत्सव पावणेसहाला की सव्वासहाला?

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा जवळ आला की कोल्हापुरात दोन गोष्टी ठरलेल्या. एक तर उसाच्या दराचा वाद पेटलेला असतो आणि दुसरं म्हणजे मोबाइलवर अंबाबाईच्या किरणोत्सवाचे संदेश येऊ लागतात. त्यातले निम्मे छान फोटो असतात. उरलेल्या निम्म्यांत ‘विज्ञानालाही न उलगडलेलं कोडं’ असं काहीतरी असतं आणि शेवटी बहुधा नासाचं नाव. नासाला आपल्या देवळांत एवढा रस कशासाठी, हे मात्र कोणी सांगत नाही.

किरणोत्सवात न उलगडलेलं काही नाही. पण शाळेत पाठ केलेले आणि परीक्षा झाल्यावर विसरलेले भूगोलातले बरेचसे शब्द इथे एका जागी कामाला लागलेले दिसतात. अक्षांश, रेखांश, अयन, प्रमाणवेळ. आणि एक शब्द जो शाळेत सहसा शिकवतच नाहीत, तो म्हणजे कालसमीकरण. माझा खरा जीव त्यात अडकलाय, तेव्हा बाकीचं जरा भरभर उरकतो.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येतात. गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असा एकेक टप्पा ओलांडत ती गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोहोचतात. सूर्य खाली खाली जाईल तशी तिरीप मूर्तीच्या पायांपासून वर चढते. त्या वेळी आतले दिवे मालवलेले असतात. पितळी उंबऱ्यावर ऊन आलं की गर्दीत एकदम कुजबुज सुरू होते, आणि मग सगळ्यांच्या माना वळतात त्या घड्याळाकडे.

आता दिशेचं बघू. ‘सूर्य पूर्वेला उगवतो, पश्चिमेला मावळतो’ हे वाक्य वर्षातून फक्त दोनदा नेमकं खरं असतं, २१ मार्च आणि २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास. बाकी सगळे दिवस मावळतीची जागा सरकत असते. सूर्य ज्या अक्षांशावर भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्याला त्या दिवसाची सूर्याची क्रांती म्हणतात. ती २३.४ अंश उत्तर ते २३.४ अंश दक्षिण अशी हेलकावे खाते. १० नोव्हेंबरला ती साधारण १७.१ अंश दक्षिण असते. कोल्हापूरचा अक्षांश १६.७ अंश उत्तर. क्रांतीचा साइन घ्यायचा आणि अक्षांशाच्या कोसाइनने भागायचं. उत्तर येतं ०.३०७, म्हणजे जवळजवळ १८ अंशांचा साइन. नेमक्या पश्चिमेपासून दक्षिणेला १८ अंशांवर त्या संध्याकाळी सूर्य टेकतो. प्रकाश सरळ रेषेत जातो, तेव्हा मूर्तीपासून महाद्वाराबाहेरच्या आकाशापर्यंतची मोकळी रेघही त्याच दिशेच्या आसपास असणार. दुसरा काही मार्गच नाही.

वर्षातून दोनदा का, हेही यातच आलं. सूर्य दक्षिणेकडे जाताना एकदा या दिशेवरून जातो आणि परत येताना पुन्हा एकदा. १० नोव्हेंबर ते २१-२२ डिसेंबर मोजा, मग तिथून १ फेब्रुवारीपर्यंत मोजा. दोन्ही बाजूंना एकेचाळीस-बेचाळीस दिवस. मधला दिवस म्हणजे अयनदिन, खरं उत्तरायण सुरू होतं तो. ते १४ जानेवारीला सुरू होतं असं आपण अजून तिळगूळ देताना म्हणतो. तिळगुळाला माझी हरकत नाही, पण तोवर सूर्य तीन आठवडे उत्तरेकडे चालत आलेला असतो. दक्षिणायनात अमुक काम करू नये असं सांगणाऱ्यांनी निदान ते कधी संपतं एवढं तरी बघावं.

तीनच दिवस का? नोव्हेंबरच्या या दिवसांत मावळतीची जागा रोज सुमारे ०.३ अंश सरकते. सूर्यबिंबाची रुंदी अर्ध्या अंशाहून किंचित जास्त. म्हणजे दोन दिवसांत अख्खं बिंब बाजूला होतं आणि अरुंद दारांची रेघ सुटते. हेच देऊळ जर डिसेंबरातल्या टोकाच्या मावळतीकडे तोंड करून बांधलं असतं, तर उत्सव चांगला दोन-तीन आठवडे चालला असता, कारण अयनदिनाच्या आसपास सूर्य हलायलाच तयार नसतो.

इथवर ठीक. आता घड्याळ.

नोव्हेंबरातल्या किरणोत्सवाच्या बातम्या काढून बघा, वेळा पावणेसहाच्या आसपास दिसतील. फेब्रुवारीतल्या काढा, सव्वासहाच्या आसपास. अर्ध्या तासाचा फरक! देऊळ तेच, दारं तीच, सूर्याची दिशा तीच, आकाशातली उंचीही तीच. दोन्ही वेळा क्रांती सारखी, तेव्हा दिवसाची लांबीसुद्धा सारखी. मग घड्याळ का बदललं?

पहिला संशय प्रमाणवेळेवर येईल. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. कोल्हापूर ७४.२ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून सूर्य आपल्याकडे त्या रेखांशापेक्षा ३३ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. कोल्हापुरात सरासरी मध्यान्ह १२ वाजता होत नाही, १२ वाजून ३३ मिनिटांनी होते. पण ही ३३ मिनिटं नोव्हेंबरातही तीच आणि फेब्रुवारीतही तीच. फरक त्यातून निघत नाही.

गोम ‘सरासरी’ या शब्दात आहे.

पृथ्वी स्वतःभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी करते. २४ तासांत नव्हे. गिरक्या घेत देवळाला प्रदक्षिणा घालणारा एखादा माणूस डोळ्यांसमोर आणा. एक गिरकी पुरी झाली तोवर तो थोडा पुढे सरकलेला असतो. त्यामुळे गाभाऱ्याकडे पुन्हा तोंड करायला त्याला जरा जास्तच वळावं लागतं. पृथ्वीचंही तसंच. ती दिवसाला कक्षेत सुमारे एक अंश पुढे जाते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्यावर यायला तिला साधारण एक अंश जास्त फिरावं लागतं. त्याची ४ मिनिटं धरली की २४ तास भरतात. पण हा जास्तीचा अंश रोज सारखा नसतो, आणि तो सारखा नसण्याची कारणं दोन आहेत.

एक, कक्षा लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते, जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटींवर. (होय, आपण थंडीत कुडकुडतो तेव्हा सूर्याच्या जास्त जवळ असतो. ऋतू अंतरामुळे होत नाहीत, आस कलल्यामुळे होतात.) जवळ असताना पृथ्वी वेगाने धावते, सेकंदाला ३०.३ किलोमीटर. लांब असताना २९.३. केप्लरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलेला नियम तो हाच. जानेवारीत रोजची मजल मोठी, तेव्हा वळायचं जास्त. यातून दिवसाला सरासरीपेक्षा ८ सेकंद जादा.

दुसरं कारण थोडं अवघड आहे आणि जास्त महत्त्वाचं. पृथ्वीची आस कललेली असल्यामुळे सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग विषुववृत्ताला समांतर नसतो, २३.४ अंशांनी तिरका असतो. मार्च-सप्टेंबरात त्याच्या रोजच्या पावलाचा काही भाग उत्तर-दक्षिण सरकण्यात खर्च होतो, पूर्वेकडे त्याची प्रगती कमी होते. आणि घड्याळाला मतलब फक्त पूर्व-पश्चिमेशी. डिसेंबरात उलट. उत्तर-दक्षिण हालचाल थांबलेली, अख्खं पाऊल पूर्वेकडे. शिवाय तेव्हा सूर्य मकरवृत्तावर असतो आणि तिथे रेखावृत्तं एकमेकांजवळ आलेली असतात. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे १११ किलोमीटर. आपल्या कोल्हापूरच्या अक्षांशावर सुमारे १०७. मकरवृत्तावर १०२. त्यामुळे तेवढ्याच पावलात सूर्य जास्त रेखांश ओलांडतो आणि त्याला गाठायला पृथ्वीला आणखी फिरावं लागतं. याचे दिवसाला सुमारे २१ सेकंद.

८ आणि २१. डिसेंबरच्या अखेरीस दोन्ही एकाच बाजूला ओढतात आणि एका मध्यान्हीपासून दुसऱ्या मध्यान्हीपर्यंतचा काळ २४ तास आणि वर जवळजवळ अर्धं मिनिट होतो. ज्याला आपण वर्षातला सगळ्यात लहान दिवस म्हणतो, तो उजेडाच्या हिशेबाने सगळ्यात लहान, पण मध्यान्ह ते मध्यान्ह मोजलात तर वर्षातला सगळ्यात लांब. नाद खुळा प्रकार आहे की नाही!

हे सेकंद रोज साठत जातात. खरा सूर्य आणि सरासरी चालणारं घड्याळ यांच्यातल्या या तफावतीलाच कालसमीकरण म्हणतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या १६ मिनिटं पुढे असतो, हे त्याचं वर्षातलं एक टोक. ११ फेब्रुवारीच्या सुमारास तो १४ मिनिटं मागे पडलेला असतो, हे दुसरं. किरणोत्सवाच्या तारखा या दोन टोकांना अगदी खेटून आहेत! १० नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी या ८३ दिवसांत रोज सरासरी २१ सेकंद याप्रमाणे साडेएकोणतीस मिनिटं जमा होतात. पावणेसहाचे सव्वासहा झाले ते असे. वर्षभरात हा फरक जास्तीत जास्त जेवढा होऊ शकतो, तो जवळजवळ सगळाच्या सगळा आपल्याला देवळाच्या उंबऱ्यावर मोजून मिळतो.

याची एक गंमत रंकाळ्यावर पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी अनुभवली असेल. दिवस डिसेंबरपासून मोठा होऊ लागला म्हणतात, पण जानेवारीचा तिसरा आठवडा आला तरी उजाडायचं नाव नाही, उलट उशीरच होत चाललाय. तालमीतली पोरंही हेच सांगतील. दिवस खरोखरच मोठा होत असतो, पण सगळी वाढ संध्याकाळच्या बाजूला दिसते, कारण मध्यान्हच घड्याळावर पुढे पुढे सरकत असते. त्याच कारणाने कोल्हापुरात सगळ्यात लवकर अंधार पडतो तो डिसेंबरात नाही, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात.

घड्याळ बाजूला ठेवून नकाशा घेतला तर सगळं पुन्हा एकदम सोपं होतं. महाद्वारातून ऊन आत येतं त्या क्षणी सूर्य जगात कुठेतरी बरोबर डोक्यावर असतो. गणित केलं तर ती जागा दक्षिण अटलांटिक महासागरात निघते, १७ अंश दक्षिण आणि ८ अंश पश्चिम, म्हणजे नेपोलियनला जिथे कैदेत ठेवलं होतं त्या सेंट हेलेना बेटाच्या थोडं नैर्ऋत्येला. नोव्हेंबरचा पावणेसहाचा हिशेब करा नाहीतर फेब्रुवारीचा सव्वासहाचा, जागा तीच येते.

अलीकडे एक नवी आवई ऐकू येते. पृथ्वीची आस डगमगतेय, म्हणून किरणं पूर्वीसारखी मूर्तीपर्यंत पोहोचत नाहीत, वगैरे. आसेचा कल बदलतो हे खरं, पण शंभर वर्षांत अंशाच्या साधारण शंभराव्या भागाइतका. हजार वर्षांचा हिशेब केला तरी किरणोत्सवाच्या तारखेत अर्ध्या दिवसाचासुद्धा फरक पडत नाही. किरणं अडतात ती जवळच्याच गोष्टींनी. क्षितिजापासून एक अंशावर असलेल्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे पंचवीस पट हवेतून येतो. त्यात नोव्हेंबरातली आर्द्रता, धूळ, धूर आणि ढगाची एखादी पट्टी. वाटेत कोणी मजला चढवला, नाहीतर गच्चीवर पाण्याची टाकी बसवली, की संपलंच. त्यासाठी पृथ्वीला डगमगायला लावायची गरज नाही. आणि ज्या कारागिरांनी ही रेघ साधली, त्यांनी वर्षानुवर्षं मावळती बघून, खुणा करून ती साधली असणार. त्या मेहनतीला चमत्काराच्या खात्यात टाकणं मला त्यांचा अपमान वाटतो.

कालसमीकरण घरीही मोजता येतं. गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा आणि दर रविवारी बरोबर १२ वाजून ३३ मिनिटांनी सावलीच्या टोकाला ऑइलपेंटचा ठिपका द्या. वर्षाअखेर ठिपक्यांचा इंग्रजी आठचा आकडा होईल. डिसेंबरात टोक काठीच्या उत्तरेला सुमारे ८४ सेंटिमीटरवर असेल. किरणोत्सवाच्या दोन तारखांचे ठिपके एकमेकांपासून पूर्व-पश्चिम साधारण १५ सेंटिमीटर लांब पडतील. दुपारची सावली उत्तरेलाच पडते असं मुलं पाठ करतात, पण आपण कर्कवृत्ताच्या आत राहतो. ६ मेच्या सुमारास सूर्य कोल्हापूरच्या डोक्यावरून उत्तरेला जातो आणि ६ ऑगस्टच्या सुमारास परत येतो, त्या तीन महिन्यांत दुपारची सावली दक्षिणेला पडते. त्यामुळे आठातलं लहान वेटोळं थेट काठीला वळसा घालून जाईल. त्यातले जून-जुलैचे ठिपके मिळणं कठीण. इथला पाऊस आपल्याला ठाऊक आहे. मेमधले मात्र चुकवू नका. ६ मेला १२ वाजून २९ मिनिटांनी काठीची सावली पूर्ण गायब असेल आणि १२.३३ला ती सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पूर्वेला डोकावू लागलेली असेल.