पार्श्वभूमी : सामुदायिक स्वयंपाकघर आणि दारावरची पाटी

‘सामुदायिक स्वयंपाकघर’ किंवा सरळ ‘कम्युनिटी किचन’ हे नाव मराठीत तीन वेगळ्या गोष्टींना लावले जाते. एका जागी रांधून फुकट वाटणे, म्हणजे अन्नछत्र. ना नफा तत्त्वावर स्वस्तात जेवू घालणे, म्हणजे एक प्रकारची खानावळ. आणि शेजारपाजारच्यांनी जमून मिळून रांधणे व मिळून जेवणे. तिन्हींकडे भांडी तीच, पण आत येणारा माणूस पहिल्या ठिकाणी गरजू असतो, दुसऱ्या ठिकाणी गिऱ्हाईक आणि तिसऱ्या ठिकाणी घरचा. या उपक्रमाच्या इतिहासातली भांडणे स्वयंपाकापेक्षा या फरकावरून अधिक झाली.

जुन्या काळातले एकच उदाहरण पुरे. आयर्लंडमधल्या दुष्काळात १८४७ साली सरकारी सूपघरे निघाली आणि त्या जुलैत रोज सुमारे ३० लाख लोकांना तिथून अन्न मिळत होते. अन्न शिजवूनच द्यायचे असा आग्रह होता, कारण कोरडा शिधा लोक विकतील अशी शंका. भुकेइतकीच घेणाऱ्याच्या दानतीची चौकशी! शरद ऋतू लागेपर्यंत ही सूपघरे बंदही झाली. दुष्काळ संपला नव्हता. ‘सूपघर’ या शब्दाला पुढे जी लाचारीची छटा चिकटली, ती अशा रांगांमधून. बर्लिनमध्ये १८६६ च्या युद्धाच्या सुमारास एका महिलेच्या पुढाकाराने लोकांची स्वयंपाकघरे उघडली, तिथे येणाऱ्या खर्चाएवढे पैसे घेतले जात. पैसे मोजले की मान खाली घालावी लागत नाही, हा त्यामागचा विचार.

तोच विचार ब्रिटनने दोन महायुद्धांत मोठ्या प्रमाणावर राबवला. १९१७ मध्ये लंडनमध्ये पहिले ‘राष्ट्रीय स्वयंपाकघर’ सुरू झाले. गरिबांचे सूपघर वाटू नये यासाठी मुद्दाम काळजी घेतली गेली, मात्र सुरुवातीला बरेच लोक घरचे भांडे आणून अन्न भरून नेत. बसून जेवण्याची सोय नंतर वाढली.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांत ज्यांच्या घरातली चूलच गेली त्यांच्यासाठी पुन्हा केंद्रे उभी राहिली. नाव ठरले होते ‘कम्युनल फीडिंग सेंटर’. मार्च १९४१ मध्ये पंतप्रधानांनी अन्नमंत्र्यांना लिहून हे नाव हाणून पाडले. त्यांच्या मते त्याला साम्यवादाचा आणि वर्कहाउसचा, म्हणजे निराधारांना पोटासाठी राबवून घेणाऱ्या घरांचा, वास येत होता. त्यांनी ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ हे नाव सुचवले. रेस्टॉरंट म्हटले की लोकांना चांगले जेवण आठवते. दुसरे काही देता आले नाही तरी निदान नाव तरी मिळू दे, असा त्यांचा मिस्कील युक्तिवाद होता.

या पाटीबदलाकडे अनेकदा युद्धकाळातला किस्सा म्हणून पाहिले जाते. मला तो निर्णायक वाटतो. स्थानिक पालिकांनी चालवलेल्या या जागांत रेशनची कुपने लागत नसत, उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नसे, कारकून आणि कामगार एकाच रांगेत ताट घेत. १९४३ मध्ये अशी दोन हजारांहून जास्त ठिकाणे होती आणि रोज सुमारे सहा लाख जेवणे उठत. ‘गरिबांसाठी’ अशी पाटी असती तर हा आकडा गाठला असता का? खासगी हॉटेलवाल्यांनी सरकारी स्पर्धा म्हणून कुरकुर केली ती वेगळी. पण नवे नाव घेताना एक गोष्ट हातची गेली. रेस्टॉरंटमध्ये गिऱ्हाईक जेवून उठते. चालवण्यात त्याचा हात नसतो. १९४७ च्या कायद्याने पालिकांना ही उपाहारगृहे चालू ठेवण्याची मुभा दिली, तीही स्वतःचा खर्च स्वतः भागवावा या अपेक्षेने. त्या हिशेबात तोटा दिसत होता, शेजारी बसून जेवणे दिसत नव्हते. हळूहळू ती मिटली.

मिळून रांधण्याची तिसरी वाट नंतर दुसरीकडे फुटली. पेरूची राजधानी लिमा इथल्या गरीब वस्त्यांत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बायकांनी पाळीपाळीने रांधणारी लोकभोजनालये उभारली. ऑगस्ट १९९० मध्ये सरकारी निर्णयाने भाव एका रात्रीत भडकले तेव्हा शहराला त्यांनीच तगवले. मॉन्ट्रियलमध्ये १९८२ साली मोजक्या महिलांनी एकत्र खरेदी, एकत्र स्वयंपाक आणि डबे वाटून घरी नेणे सुरू केले, आणि तो प्रकार कॅनडाभर पसरला.

एकटेपणाचा उल्लेख या सगळ्यात फार उशिरा येतो. १९७४ च्या जागतिक अन्न परिषदेत अन्नसुरक्षा म्हणजे मुख्यतः धान्याचा पुरवठा. १९९६ मध्ये रोमच्या परिषदेने माणसाला अन्न हाती येते का, परवडते का, हे धरले. अन्नसुरक्षेच्या व्याख्येत ‘सामाजिक’ हा शब्द २००१ मध्ये शिरला. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये एकटेपणाचे खाते मंत्र्याकडे सोपवले, त्यानंतर स्वयंपाकघरांच्या उद्दिष्टांत भुकेसोबत एकटेपणा लिहिण्याची पद्धत रूढ झाली.

जपानमध्ये मंत्र्याच्या आधीच माणसे तिथे पोचली होती. २०१२ मध्ये टोकियोत ‘मुलांचे भोजनालय’ सुरू झाले. मूल एकटे आले तरी चालेल, ही त्याची मूळ कल्पना. एकट्याने जेवण्याला जपानीत ‘कोशोकु’ असा स्वतंत्र शब्द आहे, त्यावरून तिथल्या काळजीचा अंदाज येतो. आज अशी दहा हजारांहून अधिक भोजनालये आहेत. पाटीचा प्रश्न इथेही सुटला नाही: गरीब मुलांची जागा असा बोलबाला झाला की ज्यांच्यासाठी ती काढली तीच मुले उंबऱ्याशी थबकतात. म्हणून बरीच ठिकाणे म्हाताऱ्यांना, आईबापांना, सगळ्यांनाच बोलावतात.

२०२० च्या महासाथीने हे उलटे फिरवले. टेबले उचलली गेली, पाकिटे दारात पोचू लागली. अन्न घरी पोचले, सोबत पोचली नाही. जगभर अन्न-असुरक्षितता मोजण्यासाठी वापरली जाणारी आठ प्रश्नांची यादी पैशाअभावी किंवा साधनांअभावी उपाशी राहावे लागले का, कमी खावे लागले का, असे विचारते. कोणाबरोबर जेवलात, हे तिच्यात नाही. तो प्रश्न २०२२-२३ मध्ये १४२ देशांतल्या लोकांना वेगळ्या पाहणीत विचारला गेला: गेल्या सात दिवसांत किती जेवणे ओळखीच्या माणसाबरोबर झाली?